ओळीत मागे जाण्याची सोय

पावट्याच्या जातीच्या अवरेकाईच्या शेंगा बाजारात आल्या की आमच्या घरी कामगारांच्या पत्रकांचा हंगाम सुरू व्हायचा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण थंडीत माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, कारखान्याच्या वेतनकराराची बोलणी व्हायची आणि थंडीतच जे. पी. नगरच्या आमच्या रस्त्यावर हातगाड्यांवर शेंगांचे ढीग लागायचे. आई पिशवी भरून शेंगा आणी. दाणे भिजवून ठेवलेले असत, आणि संध्याकाळी चटईवर बसून आम्ही तिघं एकेक दाणा चिमटीत दाबून त्याचं साल काढायचो. दाणा सालातून सुटला की टपकन पातेल्यात पडतो. त्या टपटपीत आप्पा पत्रकाचा मसुदा मोठ्याने वाचत. त्यांचा एक नियम होता. वाक्यावर हरकत घ्यायची तर खुशाल घ्या, पण हरकत घेणाऱ्याने त्या जागी आपलं वाक्य लिहून आणायचं. नुसतं ‘हे बरोबर नाही’ म्हणणाऱ्याला आमच्याकडे दाणे सोलण्यापलीकडे काम नसे. मी शाळेत असल्यापासून हरकती घेत आले आणि वाक्यं लिहून आणत आले. माझी भाषा, माझा राग आणि माझं गणित, तिन्ही त्या चटईवर तयार झाली.

आप्पा सांगलीकडचे, ह्या कन्नड शहरातल्या सरकारी कारखान्यात गिअरच्या तपासणी विभागात. आई धारवाडची. पत्रक आप्पा मराठीत लिहीत, दोघं मिळून त्याचं कन्नड करत, आणि शेवटी स्टेन्सिल कापायचं काम आईचं, कारण तिचं कन्नड अक्षर वळणदार होतं. स्टेन्सिलवर चूक झाली की ती लाल द्रव लावून बुजवावी लागे आणि छापल्यावर तिथे डाग दिसे. म्हणून कच्च्या कागदावर वाक्य पक्कं होईपर्यंत आई आप्पांना स्टेन्सिलला हात लावू देत नसे. “आधी स्वल्प तुमचं काय ते ठरू दे,” म्हणायची; ‘जरा’च्या जागी तिच्या तोंडी कन्नड ‘स्वल्प’च येई. मग शेजारच्या खोलीतलं सायक्लोस्टाइल यंत्र गडगडायला लागे आणि घरभर शाईचा वास सुटे. तो वास आणि हितकबेळ्याच्या, त्या सोललेल्या दाण्यांच्या, सांबाराचा वास आजही माझ्या डोक्यात वेगळे होत नाहीत.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आप्पांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग तो सगळा हात. चहाचा कप ते डाव्या हाताने धरू लागले आणि आम्ही कुणीच त्याबद्दल बोललो नाही. कारखान्यात सूक्ष्म मोजमाप करायचं काम. त्यांनी स्वतःहून स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच सुमारास त्यांचे जुने सहकारी दामलेकाका नोकरी सोडून स्वतःची छोटी कंपनी काढत होते. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका बंगल्याचा वरचा मजला, चार टेबलं, दोन संगणक आणि कोपऱ्यात गिअर तपासायचं एक यंत्र. ते यंत्र चालवणारा प्रोग्राम तयार करून इतर कारखान्यांना विकायचा हा त्यांचा धंदा. दामलेकाका आप्पांना म्हणाले, “गिअर तुझ्यासारखा कोणाला कळतो? तू नुसता तपासत बस.” पदवी मिळाल्यावर मीही तिथेच लागले. आप्पा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघायचे. वाटेत दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या उपाहारगृहात, कॉफी प्यायचो. ते पुन्हा कामाला जाणारे गृहस्थ झाले होते, आणि आईने पुन्हा डबा भरायला सुरुवात केली होती. ह्याची किंमत मला तेव्हा पूर्ण कळली होती असं नाही.

आता त्या पडद्यावर काय होतं ते सांगायला हवं, कारण आजच्या वाचकाने ते पाहिलेलं नसेल. काळा पडदा, त्यावर एक लुकलुकणारी खूण. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. यंत्राला जे सांगायचं ते एका ओळीत टंकून सांगायचं: कोणता गिअर, कोणत्या दातापासून कोणत्या दातापर्यंत, वेग किती, दात चाचपणारी टोचणी कोणती, अहवाल कुठे ठेवायचा. ओळ पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. सुरुवातीलाच एक अक्षर चुकलं आणि शेवटी लक्षात आलं, तर मधे जाऊन ते सुधारण्याची सोय नव्हती. शेवटच्या अक्षरापासून मागे सगळं खोडत यायचं आणि पुन्हा टंकायचं. माझ्यासारखीला हा त्रास होता. आप्पांना ती शिक्षा होती. त्यांचं बोट एका कळीवर दोनदा पडे, शेजारच्या कळीवर घसरे. ते खोडत, पुन्हा टंकत, पुन्हा चुकत. मी “मी करू का?” विचारलं की म्हणत, “तू तुझं काम कर.”

माझी मैत्रीण शोभा विज्ञान संस्थेत संशोधन करत होती. तिच्याकडून मला फ्लॉपीवर एक लायब्ररी मिळाली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रामला जोडून घेता येणारा कोड. तिचं काम एवढंच, की माणूस ओळ टंकत असताना त्याला त्या ओळीत मोकळेपणाने हिंडू देणं. बाणाची कळ दाबा, मागे जा, चुकलेलं अक्षर सुधारा, बाकीची ओळ जशीच्या तशी. वरचा बाण दाबा, मघाची ओळ परत समोर. आमच्या प्रोग्रामला ती जोडायला मला आठवडाभर झगडावं लागलं. जोडून झाल्यावर मी आप्पांना बोलावलं. त्यांनी ओळ टंकली, तिसरंच अक्षर दोनदा पडलं. मी बाण दाखवला. ते सावकाश मागे गेले, जास्तीचं अक्षर खोडलं, आणि पुढची सगळी ओळ एक घर सरकून नीट बसली. त्यांनी तेच पुन्हा केलं, मुद्दाम चुकवून. मग खुर्चीला टेकून म्हणाले, “हे कोणी केलं?” मी म्हटलं, लोकांनी. जगभरातल्या लोकांनी, आणि सगळ्यांना दिलं. घरी जाताना त्यांनी मला दर्शिनीत खारा भात, म्हणजे तिखट रव्याचा उपमा, खायला घातला.

त्या लायब्ररीबरोबर तिच्या अटींचा कागद येत असे. मी तो आमच्या पत्रकांसारखाच वाचला, उभ्याने, एका दमात. हे वापरा, बदला, वाटा. पण ज्याला द्याल त्यालाही हेच हक्क द्या. आणि हे जोडून केलेला तुमचा प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याचाही मूळ कोड त्याला ह्याच अटींवर मिळाला पाहिजे. म्हणजे आपल्यापुरतं वापरा तोवर काही नाही. पण लोकांचं घेऊन स्वतःचं कुलूप घालता येणार नाही. मी तो कागद दामलेकाकांच्या टेबलावर ठेवला आणि तोंडानेही सांगितलं. ते कामात होते. “सरी, बरं, बघतो,” म्हणाले. नंतर कळलं की लग्नपत्रिकेच्या माथ्यावर जसा श्लोक असतो तसं काहीतरी ते असावं अशी त्यांची समजूत झाली होती. सगळे छापतात, वाचत कुणी नाही.

मग शहराबाहेरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने प्रोग्राम घ्यायचं ठरवलं. पहिलंच गिऱ्हाईक. मी दामलेकाकांना पुन्हा आठवण केली, की प्रोग्राम त्यांना द्यायचा तर मूळ कोड द्यावा लागेल. ह्या वेळी त्यांनी कागद खरोखर वाचला, दोनदा.

“म्हणजे ज्याला विकू त्याला सगळं उघडून दाखवायचं,” ते म्हणाले. “मग दुसऱ्यांदा आपल्याकडे येईल कोण?”

“येतील. नवीन यंत्र आलं की येतील. दुरुस्तीला येतील.”

“तुझ्या पत्रकात येतील, वीणा. पीण्यातले नाही येणार.” ते चिडलेले नव्हते. तीस वर्षांच्या नोकरीचं जे काही होतं ते त्यांनी ह्या वरच्या मजल्यात घातलं होतं. “लोकांच्या वस्तूची चोरी मी करणार नाही. तेवढं मला कळतं. काढून टाक ते.”

मी म्हटलं, “काढलं तर आप्पांचं काय?”

त्यांनी चष्मा काढला. “हे तू मला विचारतेस?”

घरी मी हे तावातावाने सांगितलं. माझी खात्री होती की आप्पांचं नाव निघाल्यावर दामलेकाका नमतील, आणि आप्पांनी एक शब्द टाकला तर नक्कीच नमतील. आप्पांनी मला त्या अटी मराठीत वाचून दाखवायला सांगितल्या. डोळे मिटून ऐकल्या. “चांगलं लिहिलंय,” म्हणाले. “दामल्यापुढे दोन वाटा होत्या. दोन्ही सरळ आहेत. त्याने एक घेतली. काढ उद्या.”

आई पोळपाटावरून वर न बघताच बोलली. “तत्त्व हिचं, धंदा त्यांचा, आणि हात तेवढा तुमचा.”

दुसऱ्या दिवशी मी ती लायब्ररी काढली. जोडायला आठवडा गेला होता, काढायला सकाळ पुरली.

पीण्याहून प्रात्यक्षिक बघायला तिघं आले. दोन इंजिनिअर आणि त्यांच्या तपासणी विभागाच्या सुशीलाम्मा, ज्यांना हा प्रोग्राम रोज चालवायचा होता. दामलेकाकांनी मला खुणेने कीबोर्डकडे बोलावलं. आप्पा म्हणाले, तपासणी माझी आहे, आणि जाऊन बसले. सुरुवातीची ओळ अर्ध्यात चुकली. ते मागे खोडत आले. पुन्हा टंकली, पुन्हा चुकली. हात नेहमीपेक्षा जास्त हलत होता, कारण माणसं बघत होती. पंख्याचा आवाज फार मोठा वाटायला लागला. एक इंजिनिअर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. दुसऱ्याने घड्याळ बघितलं आणि मग बघितलं म्हणून लाजला. दामलेकाकांनी वाकून कीबोर्डकडे हात नेला, अगदी हळूच, मित्रासारखा. “राहू दे,” आप्पा म्हणाले. त्यांनी ती ओळ पूर्ण केली. यंत्र चाललं, अहवाल अचूक आला. सगळ्यांनी कॉफी घेतली, कारखान्याने प्रोग्राम घ्यायचं कबूल केलं. सोमवारी मी निघाले तेव्हा आप्पा घरातल्याच सदऱ्यात बसलेले होते. “तिथे आता माझं काम नाही,” म्हणाले. आईने भरलेला डबा परत उघडून जेवण पातेल्यांत काढून ठेवलं.

मी तेव्हा माझ्या सवयीचं एकच काम करू शकत होते. मी पत्रक लिहिलं. दामलेकाकांचं नाव न घेता, पण त्यांच्यावरच, आणि सगळ्या कुलूपवाल्यांवर. ते शोभाच्या संस्थेत, कॉलेजांत वाटायचा माझा विचार होता. रविवारी चटईवर बसून मी ते वाचून दाखवलं. माझ्या मते तोवरचं माझं ते सर्वांत चांगलं लेखन होतं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि डाव्या हाताने एक दाणा सोलायचा प्रयत्न करत विचारलं, “तुला नक्की काय हवंय? दामले वाकायला हवाय, की माझा हात चालायला हवाय?”

मी म्हटलं, दोन्ही.

“दोन्ही एका पत्रकात बसत नाही. आणि हरकत घेतलीस, पण तुझं वाक्य कुठे आहे? त्याने काय करावं म्हणतेस? जे त्याला करायचं नाही तेच?”

मला रडू आलं, रागाने. मी म्हटलं, ओळ सुधारायची सोय प्रोग्रामच्या आत असते, आत घालायची तर अट लागते, आणि अट त्यांना नको, तर तिसरं काय असणार? आईला ह्यातलं फारसं कळत नव्हतं, किंवा आम्हाला तसं वाटायचं. ती त्रासून म्हणाली, “आतच कशाला हवी? मी स्टेन्सिलवर कधी खाडाखोड केलीय? कच्च्या कागदावर करायची. पक्कं झालं की मग स्टेन्सिल. त्या यंत्राला कच्चा कागद नसतो का?”

मी तिला म्हटलं, तसं नसतं गं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शिनीपाशी, आता एकटीच, कॉफीचा पेला हातात घेऊन उभी असताना मला कळलं की ते अगदी तसंच असू शकतं. एक वेगळा, छोटा प्रोग्राम. तो आमच्या प्रोग्रामच्या पुढ्यात बसेल. माणूस त्याच्यापाशी टंकेल, चुकेल, मागे जाईल, सुधारेल. तिथे ती मुक्त लायब्ररी असेल. ओळ पक्की झाली की तो ती नुसती पुढे सरकवेल, जणू कुणी बिनचूक टंकणाऱ्याने टंकली. दामलेकाकांच्या प्रोग्रामला पुढे कोण बसलंय हे कळणारही नाही. आणि हा छोटा प्रोग्राम मूळ कोडासकट सगळ्यांना, कुठल्याही प्रोग्रामपुढे बसवण्यासाठी.

मला ती आधी पळवाट वाटली. शोभाने आणि मी संस्थेच्या कॅन्टीनच्या पायऱ्यांवर बसून अटींचा शब्दन् शब्द पुन्हा वाचला. तिने ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांना विचारूनही घेतलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन्ही खरोखर वेगळे असतील आणि फक्त ओळींची देवघेव करत असतील तर हरकत नाही. मी लिहायला बसले. माप आप्पांच्या हाताचं घेतलं. त्यांना शेजारी बसवायचे आणि टंकायला लावायचे. एकच कळ क्षणार्धात दोनदा पडली तर ती एकदाच मोजायची, हे त्यातूनच आलं. मूळ लायब्ररीत ते नव्हतं. किती वेळात पडली तर चूक आणि किती वेळात पडली तर मुद्दाम, ह्यावर आमची रोज वादावादी व्हायची. कितीतरी दिवसांनी घरात वाद होत होते. आई स्वयंपाकघरातून सांगायची, स्वल्प हळू भांडा.

दामलेकाकांनी तो प्रोग्राम बघितला, अटी ह्या वेळी आधी वाचल्या, आणि म्हणाले, “ह्याचा सगळा कोड पीण्याला द्यायचा?” मी म्हटलं, हो, आणि त्यांना तो पुढे कोणालाही देता येईल. “दे की,” म्हणाले. “ह्यात माझं काय जातंय?” काम झालं होतं आणि मी खूश नव्हते. आजही नाही. मला अजून वाटतं की त्यांनी सगळंच उघडायला हवं होतं. पुढे काही वर्षांनी कंपनी बंद पडली, काका गेले, आणि तो प्रोग्राम कुठेच उरला नाही. पीण्याच्या त्या कारखान्याला यंत्र बदलताना सगळं नव्याने करून घ्यावं लागलं, कारण बंद पेटीची किल्ली कोणाकडेच नव्हती. आमचा छोटा प्रोग्राम मात्र कुठे कुठे गेला ते मला माहीत नाही, आणि ते मला माहीत नसावं ह्यासाठीच तो तसा दिला होता. एवढं म्हणून मी हा वाद थांबवते. दामलेकाका माझ्या वडिलांचे मित्र होते आणि त्यांनी कधी कोणाचं काही चोरलं नाही.

प्रोग्राम बसवायला पीण्याला जायचं होतं. तिथल्या लोकांना शिकवायला कोण जाणार, असं दामलेकाकांनी घरी येऊन विचारलं, आणि माझ्याकडे न बघता आप्पांकडे बघून विचारलं. आप्पांनी आईला इस्त्रीचा शर्ट आहे का विचारलं.

तपासणी विभागात एका पडद्याभोवती सात-आठजण उभे होते. सुशीलाम्मा सगळ्यांत पुढे, हातात मोजपट्टी तशीच. आप्पा खुर्चीत बसले, मी मागे. त्यांनी उजवा हात कीबोर्डवर ठेवला आणि तो सगळ्यांसमोर थरथरू लागला. त्यांनी ओळ टंकायला घेतली. बोट शेजारच्या कळीवर घसरलं, भलतंच अक्षर उमटलं. आप्पा थांबले नाहीत, ओळ शेवटपर्यंत नेली, आणि मग कन्नडमध्ये म्हणाले, “तप्पायतु, चुकलं. आता मागे कसं जायचं ते बघा.” बाण दाबत दाबत ते त्या अक्षरापाशी गेले.

सुशीलाम्मा त्यांच्या हाताकडे बघत होत्या. त्या दिवशी प्रात्यक्षिकालाही त्यांनी बघितलं होतं, पण तेव्हा बोलायची सोय नव्हती. आता त्यांनी सरळ विचारलं, “सार, निम्म कै याके नडुगुत्ते?” हात का थरथरतो तुमचा.

कोणीतरी त्यांना कोपराने ढोसलं. मी पुढे व्हायला लागले होते.

“आजार आहे. तो राहणार,” आप्पा म्हणाले. “तुम्ही हाताकडे नका बघू, अम्मा, पडद्याकडे बघा. अक्षर कुठे चुकलंय ते सांगा.”

सुशीलाम्मांनी वाकून बघितलं आणि बोट ठेवलं. आप्पांनी ते अक्षर खोडलं.